एमजीबीत माझदाचं इंजिन: गरम झाल्यावर सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

सकाळी थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालवून पेट्रोल भरायला थांबावं, पैसे देऊन परत यावं, किल्ली फिरवावी, तर स्टार्टर नुसता घरघरतो आणि इंजिन काही पकडत नाही. बोनेट उघडं टाकून दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं की काहीच घडलं नसल्यासारखी पुन्हा सुरू. माझ्या गाडीत हा त्रास आठ महिने होता. या काळात तो तीनदा ‘गेला’ आणि तीनदा परत आला. जुन्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन घातलेल्या ज्यांना ज्यांना हा त्रास होतोय, त्यांच्यासाठी मी काय काय मोजलं आणि काय सापडलं ते सविस्तर लिहितोय.

गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची दोन सीटची), इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. मी कॉव्हेंट्रीत राहतो, गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचं मूळ इंजिन गेलेलं होतं. त्या जागी मी पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५चं १.८ लीटरचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलं. मूळ बी-सीरिज इंजिन १७९८ सीसीचं, जेमतेम ९५ बीएचपीचं. माझदाचं १८३९ सीसीचं, ताकद साधारण १३०. आकार जवळपास तोच, आणि एमएक्स-५ मागच्या चाकांवर चालत असल्यामुळे इंजिन लांबीत उभं बसतं, म्हणून एमजीबीत ते सोयीचं पडतं. १९८९ साली माझदाने ती गाडी आणली तीच जुन्या इंग्लिश रोडस्टर डोळ्यासमोर ठेवून. त्यामुळे हे इंजिन या बोनेटखाली मला कधी परकं वाटलं नाही. माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर ही कामं जड असली तरी सरळ असतात. बसलं की बसलं. छळ होतो तो वायरिंगचा.

आधी चुकीचे उपाय सांगतो, कारण त्यांनीच सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू, असं म्हटलं की प्रत्येक जण सेन्सरकडे बोट दाखवतो. मी पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बदलला, तीन आठवडे गाडी नीट चालली. मग कॅम अँगल सेन्सर बदलला, पुन्हा काही दिवस बरे गेले. मग ठिणगी देणारा कॉइल पॅक. दर वेळी वाटलं, सापडलं. आज मागे वळून बघताना कळतं की प्रत्येक वेळी मी चार कनेक्टर काढून पुन्हा दाबून बसवत होतो, बॅटरी चार्जिंगला लावत होतो, आणि एकदा तर नेमकी थंडीची लाट आली होती. सुधारणा त्यामुळे होत होती. नव्या भागाचा तिच्याशी संबंध नव्हता. काढलेले तिन्ही भाग आजही माझ्याकडे आहेत, तिन्ही चालू स्थितीत.

माझे मामा कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियन होते. आता वयामुळे दुकान बंद आहे, पण रविवारी फोन झाला की गाडीचा विषय निघतोच. मी त्यांना सेन्सरांची यादी ऐकवली. ते म्हणाले, “अरे, सेन्सर बदलतोयस, पण अर्थ बघितलास काय?” अर्थ म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. मी म्हटलं, “बघितला मामा, मीटर लावला, बीप वाजतोय.” त्यावर ते म्हणाले, “बीप वाजला म्हणजे अर्थ आहे असं नसतंय. सेल्फ मारताना बघ. लोड आल्याशिवाय वायर खरं बोलत नाही.”

मामांचं वाक्य आकड्यांत असं आहे. मल्टिमीटर बीप वाजवतो तेव्हा वायरीतून अगदी नगण्य करंट सोडतो. केसाएवढा एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो. स्टार्टर मात्र दीडशे अँपिअरच्या घरात ओढतो. त्या करंटला नुसता ०.००९ ओहमचा अडथळा वाटेत आला तरी सव्वा व्होल्टपेक्षा जास्त तिथेच खर्च होतात. इतका बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहमवर दिसूच शकत नाही, मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून ओहम मोजायचे नाहीत, करंट चालू असताना वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजायचं.

पद्धत सोपी आहे. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइल पॅक आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, पण बाकी सगळा लोड, विशेषतः गाडीतला पेट्रोलचा पंप, चालू राहू द्या. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, शिशाच्या खुंटावरच. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) सप्लायच्या पिनपर्यंत. एमजीबीत बॅटरी सीटमागे असतात (माझ्या वर्षाच्या गाडीत मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन, आता मी बारा व्होल्टची एकच ठेवलीय), त्यामुळे मीटरला जोडायला चार मीटर लांब वायर लागते. ती एकदा करून ठेवा, जन्मभर उपयोगी पडते. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं त्रास चालू असताना मोजा. मी गाडी वीस मिनिटं फिरवून आणली आणि लगेच मोजलं. कनेक्टर काढल्यामुळे लोड थोडा कमी होतो, तेव्हा खरी परिस्थिती दिसते त्याहून वाईटच असते हे लक्षात ठेवा.

माझे आकडे: स्वस्थ असताना बॅटरी १२.६. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवर १०.४, हे ठीकच आहे. त्याच क्षणी ईसीयूला मिळत होते ७.२.

तीन व्होल्टपेक्षा जास्त वाटेत गायब. पॉइंट आणि कॉइलचं जुनं इंजिन इतक्या कमी व्होल्टवर कुरकुरत का होईना, पकडलं असतं. इंजेक्शनच्या इंजिनात मात्र सगळंच एकदम बिघडतं. पंपाचा दाब पडतो, इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतात, कॉइलची ठिणगी मरगळते, आणि व्होल्टेज आणखी खाली गेलं की ईसीयू रीसेट होऊन पहिल्यापासून सुरुवात करतो. बाहेरून दिसतं ते फक्त एवढंच की स्टार्टर फिरतोय आणि इंजिन गप्प आहे.

या ३.२ पैकी १.३ व्होल्ट अर्थच्या बाजूला गळत होते आणि १.९ सप्लायच्या.

आधी अर्थ. एमजीबीत बॅटरीचा निगेटिव्ह सीटमागे बॉडीला जोडलेला असतो, तिथून बॉडीच्या पत्र्यातून करंट पुढे येतो आणि एका विणलेल्या पट्टीतून इंजिनला मिळतो. इंजिन स्वतः रबराच्या माउंटिंगवर, गिअरबॉक्सही रबरावर. म्हणजे ती एक पट्टी गेली तर इंजिन विजेच्या दृष्टीने हवेत तरंगतंय. माझ्या गाडीत पट्टी होती, नवीकोरी होती, घट्ट होती. मी बोल्ट काढला. पट्टीचं थिंबल ज्या ब्रॅकेटवर बसत होतं ते ब्रॅकेट नवीन इंजिनसाठी बनवून घेतलेलं, त्यावर छान काळं पावडर कोटिंग. थिंबलखाली ते कोटिंग जसंच्या तसं होतं. फक्त बोल्टच्या भोकाच्या कडेला नखाच्या टोकाएवढी एक चकचकीत चंद्रकोर घासली गेली होती आणि तिच्याभोवती जळल्यासारखा तपकिरी डाग. स्टार्टरचा जवळजवळ सगळा करंट तेवढ्या चंद्रकोरीतून आणि बोल्टच्या आट्यांतून जात होता.

जवळजवळ सगळा म्हणतोय, कारण उरलेला करंट दुसरी वाट शोधत होता. ॲक्सिलरेटरची केबल हाताला लागली तेव्हा लक्षात आलं. बल्कहेडमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, बाहेर येते तिथे तिच्या वरचं प्लॅस्टिक चकाकत होतं, बोटाने दाबलं तर मऊ लागलं. सेल्फ मारताना आतल्या तारेतून करंट जाऊन ती तापत होती. ही खूण कुठेही दिसली, ॲक्सिलरेटरच्या केबलवर, स्पीडोमीटरच्या केबलवर किंवा हीटरच्या केबलवर, तर पुढची सगळी तपासणी थांबवा आणि आधी अर्थ नीट करा. ॲक्सिलरेटरची केबल तापून आत चिकटली तर पाय काढल्यावरही इंजिन वेग सोडणार नाही. नुसतं गाडी सुरू न होण्यापेक्षा हा धोका फार मोठा आहे.

दुरुस्तीत मी ब्रॅकेटचा नाद सोडला. इंजिन ब्लॉकच्या एका मोकळ्या आट्याच्या भोकापासून थेट चॅसिस रेलपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची वायर, दोन्हीकडे दाबून बसवलेली तांब्याची थिंबलं, दोन्हीकडे धातू पॉलिश पेपरने उघडा केलेला, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस. सीटमागचा बॉडीचा सांधाही उघडून घासला, तिथे पन्नास वर्षांचा रंग आणि गंज होताच. ईसीयूची अर्थ वायर इंजिनवरच, सेन्सरांच्या अर्थजवळ ठेवली. तिचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं बॉडीवर असं कधीही करू नका, नाहीतर ती बिचारी बारीक वायर स्टार्टरच्या वाटेत येते. १.३चे ०.१५ झाले. केबल अर्थात बदलली.

आता सप्लाय. हा भाग मला जास्त शिकवून गेला. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत वायरींच्या रंगांची एक शिस्त आहे आणि ती एकदा डोक्यात बसली की नकाशा न बघता अर्धी गाडी वाचता येते. तपकिरी म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय. पांढरी म्हणजे किल्लीनंतरचा. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेला. जांभळी म्हणजे कायमचा पण फ्यूजमधून. काळी अर्थ. बी-सीरिज इंजिनाला चालायला खरं तर एकच वायर लागायची, कॉइलची पांढरी. तिच्यावर कॉइलचे तीन-चार अँपिअर आणि मागच्या एसयू कंपनीच्या पेट्रोलच्या पंपाचा थोडासा टकटकता लोड. त्या एवढ्या कामाला ती पांढरी वायर अगदी पुरेशी होती आणि तिला फ्यूजही नव्हता.

मी काय केलं होतं? कॉइलपाशी येणारी तीच पांढरी वायर घेऊन ईसीयू, इंजेक्टर, कॉइल पॅक आणि नवा हाय प्रेशर पंप सगळं तिच्यावर टाकलं होतं. पंप एकटा पाच-सहा अँपिअरचा. एकूण बारा-पंधरा. वायर जळली नाही, फ्यूज नव्हताच की उडेल, आणि थंड असताना सगळं चालत होतं, म्हणून शंका आली नाही.

वाटेत टप्प्याटप्प्याने मोजलं. बॅटरीपासून किल्लीच्या स्विचपर्यंत ०.४ गळत होते. स्विचच्या आत ०.६. उरलेले ०.९ कुठे जातात ते शोधताना डॅशबोर्डमागे डोकं घालून तासभर पडलो होतो. या वर्षांच्या एमजीबीत स्मिथ्सचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ) पांढऱ्या वायरीतला करंट ओळखून चालतो. म्हणजे किल्लीकडून निघालेली पांढरी वायर आधी टॅकोमीटरपाशी जाते, तिथे वेटोळं घालते आणि मग कॉइलकडे येते. इंजिनाचा सगळा सप्लाय त्या घड्याळापाठच्या बुलेट कनेक्टरमधून जात होता. कनेक्टरचं रबर हात लावताच बिस्किटासारखं तुटलं. आत पितळी नळी काळपट पडलेली, टोकाला हिरवी पूड, आणि वीस मिनिटं चालून आलेल्या गाडीत ती नळी बोटाला चटका देण्याइतकी गरम.

तिथे ‘गरम झाल्यावरच का’ याचं उत्तर मिळालं. खराब सांध्यातून पंधरा अँपिअर वीस मिनिटं वाहिले की तो सांधा स्वतःच तापतो, तापला की त्याचा अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी तापतो. मी पेट्रोल पंपावर थांबायचो तेव्हा तो सगळ्यात वाईट अवस्थेत असायचा. पंधरा मिनिटांत निवायचा आणि गाडी सुरू व्हायची. मी इंजिन थंड व्हायची वाट बघत होतो, थंड होत होता तो डॅशबोर्डमागचा पितळेचा तुकडा.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. जुनी पांढरी वायर फक्त रिलेला जागं करण्यापुरती वापरायची, खरा करंट बॅटरीकडून वेगळ्या जाड वायरीने आणायचा. मी स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवरून सप्लाय घेतला, बोल्टपासून वीतभर अंतरावर ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज, तिथून फ्यूज आणि रिलेची छोटी पेटी. माझदाचे स्वतःचे रिले मी आता तसेच ठेवलेत, आधी एक गाळला होता ती चूक होती. पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात राहू द्या. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो. किल्लीवरून थेट पंप चालवला तर पाइप फुटलेला असतानाही पेट्रोल येत राहील. मी त्याच्या जोडीला इनर्शिया स्विचही (जोराचा धक्का बसताच पंप तोडणारा) घातलाय. पंपाला २ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज, रेडिएटरच्या पंख्याला ३ची वायर, वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज. पांढऱ्या वायरीला रिलेपाशी ३ अँपिअरचा फ्यूज घातला. काही रिलेंच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, अशा रिलेच्या ८५ आणि ८६ पिना उलट जोडल्या तर थेट शॉर्ट होतो, आणि फ्यूज नसलेल्या पांढऱ्या वायरीचा शॉर्ट म्हणजे डॅशबोर्डखाली आग.

सेल्फ मारताना ईसीयूला आता १०.१ मिळतात.

यानंतर एक नवाच प्रकार सुरू झाला, आणि रिले बसवणाऱ्या अनेकांना तो गाठतो म्हणून सांगायलाच हवा. किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच! चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटलेला, किल्ली हातात, आणि गाडी आरामात आयडलवर. मूळ गाडीत चार्जिंगचा दिवा पांढरी वायर आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये असतो. किल्ली बंद केल्यावर फिरता अल्टरनेटर त्या दिव्यातून उलटा करंट पांढऱ्या वायरीत सोडतो. जुन्या कॉइलला तेवढ्याने काही होत नसे. रिलेला मात्र जागं राहायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, तो सुटतच नाही. दिव्याकडून अल्टरनेटरकडे जाणाऱ्या तपकिरी-पिवळ्या वायरीत १एन४००७ हा साधा डायोड घाला, डायोडवरची रंगीत पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. चिल्लर किमतीची वस्तू आहे. उलट्या दिशेने बसवला तर दिवा पेटणार नाही आणि चार्जिंगही सुरू होणार नाही, तेव्हा लगेच कळतं.

टॅकोमीटर तर रिलेनंतर मेलाच, कारण त्याच्या वेटोळ्यातून जायला आता ठोके देणारा करंट उरला नव्हता. तो उघडून आतलं सर्किट बदलून घेतलं आणि इग्निशनच्या टॅको सिग्नलवर चालवला. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर फेरीत दोन पल्स, हे सेट करताना नीट बघा, नाहीतर काटा दुप्पट किंवा निम्मं दाखवतो. डायल आणि काटा मूळचेच राहिले, मला तेच हवं होतं.

माझं ठाम मत झालंय की जुनी लूम (वायरींचा जुडगा) आणि इंजिनाची लूम एकमेकींत विणू नयेत. गाडीची लूम दिवे, हॉर्न, वायपर सांभाळेल. इंजिनाची लूम माझदाच्या गाडीतून निघाली तशी, अखंड, तिच्या फ्यूजसकट. दोघींची भेट पाच-सहा वायरींपुरतीच: बॅटरी, किल्लीचा ट्रिगर, स्टार्टर, चार्जिंगचा दिवा, टॅको, तापमान. या वायरींची यादी कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. इंजिन कुठल्या वर्षाचं आहे ते बघून त्याच वर्षाचा नकाशा वापरा, एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत पिना बदललेल्या असतात. फोर्डची नंतरच्या काळातली झेटेकसारखी इंजिनं घेत असाल तर ईसीयूसोबत त्याचीच चिपवाली किल्ली आणि रिसिव्हर मागून घ्या, चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरमुळे नाहीतर वायरिंग अचूक असूनही ती बोलणार नाहीत. सांधे शक्यतो चांगल्या क्रिंपिंगच्या पकडीने करा. इंजिनाजवळ सोल्डर केलेली वायर सोल्डर संपतो त्या कडेवर थरथरून तुटते, हे मामांकडे लहानपणी किती वेळा पाहिलंय. इंग्लंडमध्ये असाल तर इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या व्ही५सी या नोंदणीच्या कागदावर करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

या दुरुस्तीला चौदा महिने झाले. मध्ये एकदा, उन्हाळ्यात, गरम गाडीने पुन्हा पेट्रोल पंपावर क्षणभर दगा दिल्यासारखं केलं आणि माझ्या पोटात गोळा आला. घरी आल्याआल्या मीटर लावला. अर्थ ०.१५, सप्लाय ०.२, दोन्ही जिथल्या तिथे, पण सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवरच ८.९. बॅटरी नऊ वर्षांची होती. बदलली.